सुजेला वयाचं कारण पुरत नाही

बडोदे जिल्ह्यातल्या सावली गावात पिलाजीराव गायकवाडांची छत्री आहे. १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा घात झाला आणि अंत्यसंस्कार इथे झाले. त्यांच्याच घराण्यातल्या तिसऱ्या सयाजीरावांना उत्तरायुष्यात गाऊटने छळलं. या रोगात रक्तातलं युरिक अॅसिड वाढतं, हे आल्फ्रेड गॅरड या इंग्रज डॉक्टरने १८४८ मध्येच दाखवलं होतं. पण ते कायम आटोक्यात ठेवणारं अॅलोप्युरिनॉल वापरात आलं १९६०च्या दशकात, आणि महाराज १९३९ मध्येच गेले. राजाला जे मिळू शकलं नाही, ते आज साध्या औषधाच्या दुकानात मिळतं. तरीही चाळिशी-पन्नाशीत सांधा सुजला की घरोघरी एकच निदान होतं: वय झालं, वात आहे. सांधा दुखणं आणि आठवडेच्या आठवडे सुजलेला राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुखण्याला वय, वजन, श्रम ही कारणं पुरतात. टिकून राहिलेल्या सुजेला पुरत नाहीत. तिचं नेमकं कारण शोधावंच लागतं.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर पाहणी सुरू झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं. रुमॅटॉइड संधिवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मग दोनशेतल्या एकासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. कारण त्या एकाच्या सांध्यांचं बरंचसं नुकसान पहिल्या दोनेक वर्षांत होतं आणि ते भरून येत नाही. शिवाय पहिली चाळणी फुकट आहे. झिजेचा गुडघा सकाळी अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. रुमॅटॉइडमध्ये दोन्ही हातांची बोटं सुजतात, तासभर मूठ वळत नाही. गाऊट बहुधा रात्रीतून पायाचा अंगठा लालभडक करतो. २००६च्या साथीपासून आपल्याकडे सर्वांना माहीत झालेला चिकुनगुनिया ताप उतरल्यावरही महिनोन्‌महिने सांधे धरून ठेवतो. आणि तापासोबत एकच सांधा गरम होऊन सुजला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आत पू झाला असेल तर उशीर परवडत नाही.

परंपरेचा हवाला देऊन ‘सगळा वातच’ म्हणणाऱ्यांना परंपराच साथ देत नाही. चरकसंहितेत वातरक्ताचा स्वतंत्र अध्याय आहे, माधवनिदानात आमवात वेगळा सांगितला आहे. जुन्या वैद्यांनाही सरसकट निदान मान्य नव्हतं. रुमॅटॉइडवर दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं औषध म्हणून नाकारणाऱ्यांची भीती मला समजते. पण या रोगासाठी त्याची मात्रा फार लहान असते, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि सोबत रक्ततपासण्या होतात. खरा धोका तीच गोळी चुकून रोज घेण्यात आहे, आणि तो जीवघेणा आहे. उलट वेदनाशामक गोळी निरुपद्रवी समजून वर्षानुवर्षं घेतली जाते आणि तिचा भार मूत्रपिंडावर पडतो, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांच्या तर अधिकच. बिननावाच्या पुडीने एका रात्रीत सूज ओसरली, तर तिच्यात स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा.

सर्वांत वजनदार आक्षेप रोजगाराचा आहे. सावलीजवळच्या मंजुसरच्या कारखान्यात उभ्याने पाळी करणाऱ्याने, किंवा शेतात दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बाईने, सावलीहून तीसेक किलोमीटरवरच्या बडोद्याच्या सयाजी रुग्णालयात जायचं म्हणजे दिवस बुडाला. हे खरंच आहे. झिजेच्या गुडघ्याला त्याची गरजही क्वचितच पडते. मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम आणि थोडं वजन उतरवणं, ही त्याची पहिली आणि फुकटची औषधं आहेत. ज्यांना जायलाच हवं, त्यांना वेळीच वेगळं काढण्याचं काम रोग्यावर टाकू नये. कारखान्यांच्या वार्षिक तपासणीत आणि आशाताईंच्या घरभेटीत रक्तदाबासोबत एक प्रश्न विचारला जावा: सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?