नव्वद चौकटींची वही

राखोलीच्या पुलावर सकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास डोक्याला रुमाल बांधून सावकाश धावणारे जे दोघे दिसतात, ते आम्ही. शाळेतली मुले आम्हाला काका-काकू म्हणतात, म्हणून या लेखातही आम्ही स्वतःला तेच म्हणणार आहोत. वार्तापत्रासाठी परदेशातला अनुभव लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा आम्ही जरा बिचकलोच. प्रवासवर्णन लिहावे इतके काही आम्ही पाहिलेले नाही. पण एका वहीची गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती वही आपल्याच शाळेतल्या मुलांनी दिलेली आहे. तीच सांगतो.

आम्ही १९९२ साली जळगावहून इथे आलो. त्या वेळी राखोली, मसाट, सायली या पट्ट्यात एकामागून एक कारखाने उभे राहत होते. काकांची सगळी नोकरी पाळ्यांमध्ये गेली. रात्रपाळी, अवेळी जेवण, चहावर चहा. २०११ साली मधुमेह निघाला तेव्हा आश्चर्य वाटले नाही, भीती मात्र वाटली, कारण काकांच्या वडिलांचा पाय याच आजारात गेला होता. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. एकट्याने होत नाही म्हणून काकूही निघाल्या. वर्षभरात चालण्याचे हळूहळू धावणे झाले. घरापासून दमणगंगेचा पूल ओलांडून परत, चार किलोमीटर, पस्तीस मिनिटे. खरे तर याला धावणे म्हणावे की नाही, असा प्रश्न सातवीतल्या एका मुलाने आम्हाला तोंडावर विचारला होता. त्यानंतर तोच दर रविवारी आमच्याबरोबर येऊ लागला. मग त्याचे मित्र आले, दोन मुली आल्या. आमच्या पुढे पळत जायचे, पुलाच्या टोकाला थांबायचे आणि आम्ही पोहोचलो की टाळ्या वाजवायच्या, असा त्यांचा शिरस्ता.

आमचा मुलगा सातवीपर्यंत याच शाळेत शिकला. तो आता बेल्जियममध्ये अँटवर्पला बंदरातल्या एका कंपनीत कामाला आहे. २०२३च्या दिवाळीला त्याने आम्हाला तिकडे बोलावले. तिथल्या पाहुण्यांच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. आम्ही पूर्ण नव्वद दिवस राहायचे ठरवले. निघायच्या आधीच्या रविवारी मुलांनी आमच्या हातात एक चौरेघी वही ठेवली. आत पट्टीने नव्वद चौकटी आखलेल्या. "काकू, रोज किती मिनिटं धावलात ते लिहायचं. नाही धावलात तर का नाही ते लिहायचं. आल्यावर आम्ही बघणार." घरचा अभ्यास आम्हाला मिळाला होता.

डॉक्टरांनीही एक तपासणी करून घेतली. आपल्यापैकी बऱ्याच घरांत ती आता माहीत झाली आहे, पण मुलांसाठी सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते, त्याला रक्तातली साखर चिकटते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. आदल्या दिवशी उपाशी राहून या तपासणीला फसवता येत नाही. काकांचा आकडा ७.० आला. "जपून राहा. हा आकडा फार वर गेला तर गोळ्यांवर भागणार नाही, इन्शुलिनचा विचार करावा लागेल," डॉक्टर म्हणाले. म्हणजे नव्वद दिवसांच्या दोन वह्या होत्या. एक मुलांची, आणि एक काकांच्या रक्तात.

१४ ऑक्टोबरला पोहोचलो. पहिल्या चार चौकटी कोऱ्या गेल्या. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यामुळे सवयीप्रमाणे साडेपाचला जाग यायची तेव्हा तिथे रात्रीचे दोन वाजलेले असायचे. पहाटे सहाला पुन्हा डोळा लागायचा. पाचव्या दिवशी काकूंनी ठरवले की झोप झाली असो वा नसो, तिथल्या साडेसातला बूट पायात चढवायचेच. मग जमले. जवळच स्टाड्सपार्क नावाची तीन कोनांची बाग आहे, तिच्या फेऱ्या मारू लागलो. रस्त्यावर वाहने उजवीकडून चालतात याची सवय व्हायला वेळ लागला. त्याहून जास्त वेळ सायकलींच्या वाटेची सवय व्हायला लागला. पादचाऱ्यांच्या वाटेला लागूनच सायकलींची वेगळी वाट असते. तिच्यावर चुकून पाय पडला की मागून घंटी वाजते, आणि घंटी वाजवणाऱ्या आजीबाई आमच्याहून वयाने मोठ्या असतात!

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे करतात. पुढे दिवस लहान लहान होत जातो. डिसेंबरात उजाडायला पावणेनऊ वाजतात आणि पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडे पूस महिन्यातसुद्धा सव्वासातपर्यंत सूर्य वर येतो. त्यातच पाऊस आणि फुटपाथवर कुजलेली ओली पाने. काका एकदा घसरले, लागले नाही, पण धीर सुटला. सात दिवस आम्ही बाहेरच पडलो नाही. खिडकीतून अंधाराकडे बघत चहा प्यायचा आणि सोबत चॉकलेटचा तुकडा. बेल्जियमचे चॉकलेट जगात का नावाजले जाते ते आम्हाला त्या आठवड्यात नीट कळले.

आठव्या दिवशी मुलाने आम्हाला नदीवर नेले. अँटवर्प स्खेल्डे नदीच्या काठी आहे. पात्र चांगले रुंद आहे आणि मोठी जहाजे येत-जात असतात, म्हणून शहराच्या मध्यभागी नदीवर पूलच नाही. त्याऐवजी पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी नदीच्या खालून बोगदा काढला आहे. १९३३ साली तो सुरू झाला. लांबी ५७२ मीटर. खाली उतरायला त्या काळातले लाकडी पायऱ्यांचे सरकते जिने अजून चालू आहेत. आत पांढऱ्या फरशांच्या भिंती, दिव्यांचा लख्ख उजेड, ना पाऊस ना वारा. अंधाराच्या दिवसांसाठी आमची सोय झाली. गर्दी असली की चालायचे, मोकळे असले की धावायचे. तीन वेळा जाऊन-येऊन केले की साडेतीन किलोमीटर होतात. काकू म्हणाल्या, "राखोलीत आपण नदीवरून धावतो, इथे नदीखालून धावायचं, एवढाच काय तो फरक."

आता वहीतले सगळ्यात अवघड पान. थंडीमुळे आम्ही जाड लोकरीचे मोजे घातले होते, आणि बूट मात्र राखोलीहून नेलेले, पातळ मोज्यांच्या मापाचे. नोव्हेंबरात एके दिवशी काकांनी मोजा काढला तर अंगठ्याखाली रक्ताचा डाग. फोड येऊन फुटलाही होता आणि काकांना काहीच जाणवले नव्हते. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते, त्यात थंडीने पाय बधिर. बूट चावतो आहे हे सांगणारे कोणी उरलेच नव्हते. काका काही बोलले नाहीत, पण त्यांना वडिलांचा पाय आठवला हे आम्हा दोघांनाही कळले. व्हिसासाठी प्रवासविमा घ्यावाच लागतो. तो घेताना आम्ही कुरकुर केली होती, त्या दिवशी त्याचे मोल समजले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, पट्टी केली आणि स्पष्ट सांगितले की जखम पूर्ण भरेपर्यंत धावायचे नाही आणि लांब चालायचेही नाही.

त्या संध्याकाळी काका वही घेऊन बसले. मागच्या कोऱ्या चौकटींकडे बघत म्हणाले, "या अकरा चौकटींत तीस-तीस मिनिटं टाकून देऊ या का? पुढे किती कोऱ्या जाणार कोण जाणे. मुलांना काय कळणार आहे?" काकूंनी वही काढून घेतली. "मुलांना कळणार नाही म्हणूनच नको. खोटं लिहायचं असेल तर ही वही इथेच ठेवून जाऊ." थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग काकूच म्हणाल्या, "पाय दुखावलाय. हात आहेत की. सकाळची वेळ सोडायची नाही."

दुसऱ्या दिवसापासून ठरलेल्या वेळी आम्ही दोघे खुर्च्यांवर समोरासमोर बसलो. दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन पंचवीस मिनिटे हात वर-खाली, पुढे-मागे. पायाच्या बाबतीत काकूंवर काही बंदी नव्हती, पण त्याही एकट्या बाहेर गेल्या नाहीत. धावल्याने साखर का उतरते, तर काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. हातांचे स्नायू लहान, त्यामुळे त्यांचा फायदा थोडा कमी, पण होतो. वहीत आम्ही 'खुर्ची, २५ मिनिटे' असे लिहीत गेलो. अशा १९ चौकटी भरल्या. मधल्या काळात एक माप मोठे बूट आणले, आणि रोज रात्री चष्मा लावून काकूंनी काकांचे तळवे तपासायचे असा नियम झाला. तो नियम राखोलीतही चालू आहे.

९ डिसेंबरला परवानगी मिळाली. शनिवार होता, मुलाला सुट्टी होती. तो म्हणाला, "बाबा, आज बागेत नको. एक जागा दाखवतो." त्याने आम्हाला कील नावाच्या भागातल्या जुन्या ऑलिंपिक स्टेडियमपाशी नेले. १९२०ची ऑलिंपिक स्पर्धा अँटवर्पला झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत आपल्याकडचे धावपटू पाहून दोराबजी टाटांना वाटले की यांना ऑलिंपिकला पाठवायला हवे. त्यातून जो संघ गेला त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. बोटीने समुद्र ओलांडून, परक्या हवेत, परक्या अन्नावर सराव टिकवून ते इथली मॅरेथॉन धावले. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर आजच्यापेक्षाही जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून चौगुले एकोणिसावे आले. त्याच संघातले पैलवान रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. पदक कोणालाच नाही.

आज त्या मैदानात धावपट्टी नाही, तिथे फुटबॉल खेळतात. दरवाजा बंद होता. आम्ही बाहेरूनच धावलो, बारा मिनिटे, अगदी सावकाश. बोचरे वारे होते. आम्हाला एवढ्या जाड मोज्यांत जमत नव्हते, आणि शंभर वर्षांपूर्वी ती मंडळी इथे कशी टिकली असतील, हाच विचार डोक्यात होता. परतताना रेल्वे स्टेशनाजवळच्या हिऱ्यांच्या बाजारातून आलो. तिथे पालनपूरकडचे बरेच व्यापारी आहेत. एका दुकानाच्या दारात चाललेले गुजराती कानावर पडले आणि क्षणभर सिल्वासाच्या बाजारात उभे असल्यासारखे वाटले. त्या दिवशीच्या चौकटीत काकांनी '१२' हा आकडा जरा मोठाच काढला आहे.

नाताळच्या सुट्टीत तीन दिवस पॅरिसला गेलो आणि तिन्ही चौकटी कोऱ्या राहिल्या. दिवसभर हिंडत होतो ही सबब आम्ही लिहिली आहे, पण सकाळी हॉटेलात झोपून राहिलो हेही लिहिले आहे. ११ जानेवारीला निघालो, तो दिवसही कोराच. एकूण हिशेब असा: धावलो ५६ दिवस, खुर्ची १९ दिवस, कोरे १५ दिवस.

आल्यावर तपासणी झाली. आकडा ७.३. म्हणजे थोडा वाढलाच. डॉक्टर म्हणाले, "परदेशात, थंडीत, पायाला जखम होऊनही एवढ्यावर राहिलं हे चांगलं. गोळ्यांवरच ठेवू. पण चॉकलेट कुठे दिसतंय ते मला कळतंय!"

रविवारी पुलावर मुलांनी वही ताब्यात घेतली. बोटाने एकेक चौकट मोजली. आम्हाला वाटले होते की कोऱ्या चौकटींबद्दल हसतील. कोणी हसले नाही. ज्याने कधी काळी आमच्या धावण्याला धावणे म्हणावे का असे विचारले होते, तोच पान उलटत म्हणाला, "काका, आम्ही पण एक वही केली होती. पण तुम्ही गेल्यावर दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही कोणी आलोच नाही. मग ती फाडून टाकली." आम्ही त्याला एवढेच म्हटले की फाडायला नको होती, कोऱ्या पानानंतरही पुढचे पान असतेच. पुढच्या रविवारी तो नवी वही घेऊन आला. ती अजून चालू आहे, आणि तिच्यात कोऱ्या चौकटी आहेत.

पालकांना एक विनंती. घरात कोणाला मधुमेह असेल तर धावायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारा, खिशात खडीसाखर ठेवा आणि रात्री पायाचे तळवे बघा. विश्वस्त मंडळींनाही एक विनंती आहे. पावसाळ्यात पुलावर ट्रकांची गर्दी आणि अंधार असतो, धरणाचे दरवाजे उघडले की पाणीही चढते. मुलांना तिकडे नेण्याची आम्हाला धास्ती वाटते. जून ते सप्टेंबर दर रविवारी सकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानाचे फाटक उघडून दिलेत, तर या मुलांच्या वहीतल्या बऱ्याच चौकटी भरतील. फाटकाची किल्ली सांभाळायला आम्ही दोघे तयार आहोत.