परवानगी

यंत्रांची आणि माझी मैत्री कधींच नव्हती. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों. संगणक म्हणजे प्रश्नपत्रिका लिहिण्याचें साधन, यापलीकडे त्याची चौकशी मीं केली नाहीं. पण गेल्या पावसाळ्यांत आई न्हाणीघराच्या दारांत घसरली. फोन हाताशीं होता. परंतु काचबिंदूनें अधू झालेल्या तिच्या डोळ्यांना त्यावरील चित्रांच्या गर्दींतून माझें नांव सांपडलें नाहीं. संध्याकाळीं मी घरीं येईपर्यंत ती तशीच बसून होती. तिच्या फोनवर चारच नांवें दिसावींत, तीं ठळक अक्षरांत, आणि नांवावर बोट ठेवतांच फोन लागावा, असें त्या रात्रीं मीं ठरविलें. असलीं ॲप्स आयतीं मिळतात, असें मुलानें सांगितलें. पण मला तें स्वतःच करावयाचें होतें. कां, तें धड सांगतां येणार नाहीं.

माझ्या जुन्या संगणकावर लिनक्सचा उबुंटू हा अवतार आहे. ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ उतरवून घेतला, गांठोडें सोडलें, टर्मिनलच्या काळ्या पाटीवर आज्ञा लिहून तो सुरू केला. एवढें निर्वेध पार पडलें. पुढें पडद्यावर खोटा फोन उभा करणारा एमुलेटर आला, आणि संगणकानें स्वच्छ सांगितलें: परवानगी नाहीं! संगणक माझा, पैसे माझे, आणि परवानगी नाहीं! ‘केव्हीएम’ नांवाच्या गटांत माझें नांव घालावें लागलें. तेवढ्यानेंहि भागेना, एकदां बाहेर पडून पुन्हां आंत यावें, तेव्हां कोठें तें सभासदत्व लागू होतें. उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांना मी दारांतूनच परत पाठवीत असें, त्यांची त्या वेळीं आठवण झाली. इतकें करून तो खोटा फोन माझ्या यंत्रावर बैलगाडीच्या चालीनें चालूं लागला. त्याला रजा दिली आणि आईचाच फोन तारेनें जोडला.

त्यासाठीं फोनच्या बिल्ड-क्रमांकावर सात वेळां बोट टेकवावें लागतें. सातच कां, कोण जाणे! बोटें टेकविलीं, तरी टर्मिनलवर पुन्हां तेंच उत्तर. वास्तविक अँड्रॉइडच्या पोटांतहि लिनक्सच आहे. लिनस टोरव्हाल्ड्सनें १९९१ सालीं हेलसिंकींत, विद्यार्थी असतांना, जें बीज पेरलें त्याचेच हे दोन अंकुर. पण सख्खे भाऊ एकमेकांना ओळख दाखवीनात. अखेर कोणत्या फोनला जवळ करावें याचे नियम संगणकाला लावून दिले, तार काढून पुन्हां जोडली, आणि या खेपेस प्रश्न फोनच्या पडद्यावर उमटला.

“काय म्हणतोय रे तो?” आईनें विचारलें.

“या संगणकाला आंत येऊं द्यावें का, म्हणून विचारतो आहे.”

“मग सांग कीं त्याला.”

“फोन तुझा आहे. तूंच सांगायला हवें.”

तिनें फोन डोळ्यांशीं नेला. “कुठें दाबूं?” मीं तिचें बोट धरून जागा दाखविली.

चार नांवें फोनवर येण्यास पुढें पंधरा दिवस लागले. पहिलें नांव माझें. तिनें त्यावर बोट ठेवलें, आणि माझ्या खिशांत घंटा वाजूं लागली. मी तिच्यासमोरच उभा होतों, तरी फोन कानाशीं लावून ती म्हणाली, “उचल ना!”