फटीसकट दात

दात-ओठ खाणे, दात विचकणे, कुणाचे दात कुणाच्या घशात घालणे! मराठीने दातांवर इतके शब्द उधळले, पण दोन दातांमधल्या फटीसाठी तिच्याजवळ एक कौतुकाचा शब्द नाही. फ्रेंच लोक अशा दातांना ‘सुखाचे दात’ म्हणतात. आपण म्हणतो, ‘दात विरळ आहेत हो!’

मी त्या विरळांपैकीच. वरच्या पुढच्या दोन दातांमधली फट ही आईकडून मला मिळालेली एकमेव स्थावर मिळकत. गेल्या पावसाळ्यात जिन्यावर पाय घसरला, दोन्ही दात गेले आणि मिळकत जंगम निघाली. ताक मागितले तरी शब्दाआधी वाऱ्याची झुळूकच बाहेर पडू लागली.

दंतवैद्य तरुण आणि उत्साही. म्हणाले, “काका, शेजारचे दात घासून सलग पूल बसवू. फटही आपोआप बुजेल.”

मी म्हटले, “फट हवी.”

मग त्यांनी कागदावर आकृती काढली. जागा तेवढीच असते. फट बुजवायची तर दोन्ही दात रुंद करावे लागतात, आणि माणूस सशासारखा दिसू लागतो. फट राखून पूल करायचा तर टाळूच्या बाजूने तारेचा वळसा घ्यावा लागतो. तो समोरून दिसत नाही, पण जिभेला सारखा लागतो. त्याहून बरे म्हणजे प्रत्येक दाताला स्वतःचे मूळ देणे. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू बसवायचे, हाड त्यांना घट्ट धरीपर्यंत काही महिने थांबायचे, मग एकेक दात स्वतंत्र चढवायचा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तोवर काढता-घालता येणारी कवळी. तिच्यातही फट ठेवता येते.

“पण एवढा खटाटोप कशासाठी?” त्यांनी विचारले.

काय सांगणार? आई हसताना तोंडावर पदर धरायची. तिला पाहायला आलेल्या कुणा बाईंनी दातांवरून शेरा मारला होता. तो तिने जन्मभर जपला. तिचा हसतानाचा एकही फोटो घरात नाही. माझ्या मुलीने पंधराव्या वर्षी तारा लावून आपली फट मिटवली. तिची हौस, मी काही बोललो नाही. तेव्हा आईचे हसू पाहायला जगात उरलेली जागा म्हणजे माझे तोंड!

मुलीच्या बारशाच्या फोटोत मी मनसोक्त हसलो आहे. डॉक्टरांनी त्यावरून दाताची रुंदी आणि फट यांचे प्रमाण काढले, मेणावर दात लावून दाखवले. मी आरशात पाहून म्हटले, “किंचित आणखी.” त्यांनी निमूटपणे दात सरकवले.

आता दोन्ही दात पक्के बसले आहेत. चकली मात्र दाढेनेच मोडायची, अशी ताकीद आहे. माझी तक्रार नाही. दाढा फराळासाठी, पुढचे दात, पदर न धरता, हसण्यासाठी.