माजघरातील भाऊ

आमच्या मामांच्या घरी पाहुणे आले, की धाकट्या मामेभावास माजघरात नेऊन बसवीत. सोयरिकीची बोलणी असली तर दाराला कडीही लागे. डोळे तिरपे, चेहरा चपटा, बोलणे अडखळते. वाडा त्यास खुळा म्हणे. आम्हीही म्हटले आहे. मामी मात्र, गरोदरपणी आपण ग्रहण पाळले नाही, असे म्हणून आयुष्यभर स्वतःस दोष देत राहिली.

लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले, आणि केवळ चेहऱ्यावरून तिला ‘मंगोल’ हे एका मानववंशाचे नाव चिकटविले. १९५९ साली लज्यून व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अशा व्यक्तींच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. एकविसावे एक अधिक. ग्रहणाचा संबंध नाही! हे आम्ही वाचले तेव्हा मामी हयात नव्हती.

घरची माणसे त्याला ‘देवाचे मूल’ही म्हणत. त्यात माया होती, पण सोयही होती. देवाच्या मुलाला अक्षरे शिकवावी लागत नाहीत.

हल्ली आमच्या देवस्थानात पालखीनंतरच्या आरतीस तशाच चेहऱ्याची एक मुलगी येते. शाळेत जाते. एक-दोघा महाजनांनी प्रथम कुरकुर केली. भटजींनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. घुमट आमच्याकडे असते, कांसाळे तिच्याकडे. गेल्या सोमवारी ताल चुकला, तेव्हा तिने आमच्याकडे डोळे वटारून पाहिले. चूक आमचीच होती.