चौकोनामागची अक्षरं

महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. मुंबईहून निघालेल्या लोकल अजून माणसं आणून बदलापुरात उतरवत असतात. त्याच वेळी तिकडे मायक्रोसॉफ्ट विंडोजची त्या महिन्याची दुरुस्ती जगासाठी खुली करते. २००३च्या ऑक्टोबरपासूनचा हा शिरस्ता. त्यामुळे ती आमच्या तीन गावांत पोहोचते ती बुधवारी, शटरं वर जाताना. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये कुणी जीन्सच्या गठ्ठ्यांचं बिल काढायला बसलेला असतो, अंबरनाथच्या एमआयडीसीत कुणी माल भरलेल्या टेम्पोसाठी चलन छापत असतो, बदलापूर पूर्वेला झेरॉक्सच्या दुकानात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बायाबापड्या कागद हातात घेऊन उभ्या असतात. आणि पडद्यावर ठिपके गोल फिरू लागतात. संगणक बंद करू नका, असं इंग्रजीत लिहून येतं.

“काका, पाच मिनिटं थांबा. अपडेट मारतंय.”

पाच मिनिटांची पंचवीस होतात. रांगेतला एकजण घड्याळ बघतो, दुसरा म्हणतो काल तर चांगलं चालू होतं, तिसऱ्याला कल्याणची गाडी पकडायची असते. संगणक उठतो तेव्हा प्रिंटर ओळख विसरलेला असतो, किंवा रोजच्या जागेवरचं एखादं चिन्ह दुसरीकडे सरकलेलं असतं. दुकानदार पुटपुटतो, “कुणी सांगितलं होतं यांना?”

हा प्रश्न मला फार रास्त वाटतो. मोठी नवी आवृत्ती येते तेव्हा तिचे सोहळे होतात, जाहिराती होतात, माणूस मनाची तयारी करतो. बारीक दुरुस्ती मात्र न विचारता घरात शिरते आणि जिचा वेळ जातो त्या बाईला, ज्याचं गिऱ्हाईक जातं त्या पोराला, आत काय बदललं हे कुणी त्यांच्या भाषेत सांगत नाही. त्यात बदलापूरसारख्या गावात पावसाळ्याची पहिली सर आली की दिवे जाणार हे ठरलेलं. ठिपके अर्ध्यावर असताना वीज गेली आणि इन्व्हर्टरने दम तोडला, तर पुढचा अर्धा दिवस मशीन परत उभं करण्यात जातो. ज्याने हे भोगलंय तो दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या पोराला बोलावतो. तो पोरगा खुर्चीत बसून चार ठिकाणी टिचक्या मारतो आणि समाधानाने सांगतो, “अपडेट बंद करून टाकलंय, काकू. आता कटकट नाही.”

त्या पोराला मी दोष देत नाही. २०१८च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज दहाच्या अपडेटने काहींच्या साठवलेल्या फायलीच पुसून टाकल्या होत्या, तो मागे घ्यावा लागला. २०२१च्या मार्चमधल्या दुरुस्तीनंतर काही प्रिंटरांना छपाईचा आदेश दिला की संगणकच निळा पडून बंद व्हायचा, आणि ती दुरुस्ती दुरुस्त करायला आठवड्याभरात दुसरी आली. छपाईवर ज्याचं पोट आहे त्याने यातून काय शिकावं? अंबरनाथच्या कारखान्यांत कटिंगच्या मशीनशेजारी जुन्या विंडोजचे संगणक इंटरनेटपासून तोडून मुद्दाम तसेच ठेवलेले असतात, कारण मशीनचं सॉफ्टवेअर त्याच आवृत्तीवर चालतं. तिथल्या फोरमनच्या लेखी न बदललेला संगणक हाच भरवशाचा संगणक. हाताखाली लाखोंचं मशीन असलेल्या माणसाचं हे शहाणपण आहे.

तरीही या बारक्या अपडेटांशी माझं नातं वेगळं जडलं, ते अक्षरांमुळे.

माझा वावर पत्रिका, अहवाल, स्मरणिका यांच्या मजकुरात. तिथे आमचा जुना शत्रू म्हणजे चौकोन. एका संगणकावर नीट दिसणारं अक्षर दुसऱ्यावर पाठवलं की त्याच्या जागी एक पोकळ चौकोन उभा राहायचा. फॉन्ट फुटला, असं दुकानात म्हणतात. संगणकाला ते अक्षर ठाऊकच नाही, एवढाच त्या चौकोनाचा अर्थ.

रुपयाचं उदाहरण घ्या. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने रुपयाच्या चिन्हाला मान्यता दिली. ते काढलं होतं डी. उदय कुमार यांनी, पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन करताना. देवनागरी र, रोमन आर आणि डोक्यावर दोन रेघा. वर्तमानपत्रांत ते झळकलं, पण कीबोर्डवर कुठेच नव्हतं. मंगळुरूच्या फोरेडियन नावाच्या कंपनीने काही दिवसांतच एक फॉन्ट काढून वाटला. त्यात आकड्यांच्या ओळीतल्या अगदी डावीकडच्या, एरवी न वापरल्या जाणाऱ्या कळीवर रुपया बसवला होता. लोकांनी तो हौसेने उतरवून घेतला. मग उल्हासनगरातून मुंबईला गेलेल्या कोटेशनवर, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की, रकमेआधी नुसतं एक तिरकं टिंब दिसायचं. त्या ऑक्टोबरात युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीच्या, सहाव्या आवृत्तीत चिन्हाला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि २०११च्या मे महिन्यात विंडोज सेव्हन आणि विस्टासाठी एक छोटी दुरुस्ती आली. तिचं काम एवढंच होतं की या संगणकांना रुपया कळावा. एक्सपी त्या यादीत नव्हती, आणि आमच्याकडच्या गाळ्यांमध्ये तेव्हा एक्सपीच जास्त. म्हणून एकाच इमारतीत, खालच्या गाळ्यात ₹ आणि वरच्या गाळ्यात चौकोन, असं कितीतरी दिवस चाललं. ज्याच्याकडे पहिल्यांदा ते चिन्ह बिलावर नीट उमटलं, त्या व्यापाऱ्याने शेजाऱ्याला बोलावून कागद दाखवला होता. ₹ आला, ₹ आला! अपडेटचं असं स्वागत मी पुन्हा क्वचितच पाहिलं.

मराठीची गोष्ट याहून शांत आणि लांबलेली. ‘ॲ’ हे अक्षर आपल्याला रोज लागतं. अंबरनाथला ॲसिडच्या टाक्या आहेत, ॲल्युमिनियमची कामं आहेत, कोर्टाबाहेर ॲड. लावलेल्या पाट्यांची रांग आहे. हिंदीच्या वळणाचा ऍ युनिकोडमध्ये आधीपासून होता, मराठी वळणाचा नव्हता. आम्ही अ टाइप करून त्यावर चंद्र बसवायचो. कुठे तो नीट बसे, कुठे ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन अधांतरी लटके. २००८च्या एप्रिलमध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मराठी ॲ स्वतंत्रपणे आला. पुढच्या वर्षी ६ नोव्हेंबरला राज्य शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही स्वरांच्या ओळीत ॲ आणि ऑ यांना जागा मिळाली. पण क्रमांक मिळणं आणि पडद्यावर दिसणं यांत फार अंतर असतं. फॉन्टामागून फॉन्ट, आवृत्तीमागून आवृत्ती ते अक्षर खाली झिरपत आलं. आजही जोडून केलेला आणि स्वतंत्र ॲ डोळ्यांना सारखे दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. साध्या शोधात एकाने दुसरा सापडत नाही. वकिलाचं नाव यादीत असूनही नाही म्हणून सांगितलं जातं, तेव्हा बरेचदा असंच काहीतरी घडलेलं असतं. तीच गत ‘दुसऱ्या’तल्या ऱ्याची. तोही दोन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि दोन्ही तऱ्हा एकमेकींना ओळखत नाहीत.

आणि मग उल्हासनगर. महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ते अजूनही कॅम्प आणि बराकीच्या क्रमांकांनी चालतात. १९६७ साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. ती दोन लिप्यांत लिहिली जाते: जुन्या पिढीच्या हातातली बावन्न अक्षरांची, अरबी वळणाची, आणि देवनागरी. नातवंडं शिकली इंग्रजी, हिंदी, मराठी शाळांत. आजोबांच्या वहीतलं त्यांना वाचता येत नाही, देवनागरी मात्र येतं. म्हणून ती भाषा पुढे जायची तर बऱ्याच अंशी या लिपीतून.

पण सिंधीत श्वास आत ओढून उच्चारायचे चार आवाज आहेत, आणि ते आपल्या ग, ज, ड, ब यांनी भागत नाहीत. कागदावर त्यांच्यासाठी अक्षराखाली रेघ मारत. संगणकावर ती रेघ कधी सुटून जाई, कधी शेजारच्या अक्षराखाली घसरे. २००६ साली युनिकोडच्या पाचव्या आवृत्तीत ॻ, ॼ, ॾ आणि ॿ आपापले क्रमांक घेऊन दाखल झाले. ॻोठु म्हणजे गाव, ॼिभ म्हणजे जीभ, ॾाॾो म्हणजे आजोबा, ॿारु म्हणजे मूल. गाव सोडून आलेल्या, जिभेवर भाषा धरून राहिलेल्या, आजोबाकडून नातवाकडे ती द्यायला धडपडणाऱ्या समाजाला नेमके हेच चार शब्द संगणकावर नीट लिहिता येत नव्हते, या गोष्टीने मला आजही गलबलून येतं.

कॅम्प चारमधल्या एका छपाईच्या दुकानात एक वृद्ध गृहस्थ कौटुंबिक कार्यक्रमाच्या पत्रिकेचं प्रूफ तपासत होते. ‘ॾाॾो’वर त्यांचं बोट थांबलं. दोन्ही अक्षरांखालच्या रेघा जागेवर होत्या. “साईं, सही आहे ना?” दुकानातल्या मराठी पोराने विचारलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो शब्द मोठ्याने म्हणून दाखवला, श्वास आत ओढून. पोराने तसं म्हणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग दोघांनी पुन्हा म्हटलं. त्या संगणकात ते अक्षर कधी आलं, कुठल्या महिन्याच्या कुठल्या दुरुस्तीबरोबर, हे त्या दोघांपैकी कुणाला ठाऊक असणार? ते आलं तेव्हा कदाचित दुकानात कुणीतरी “किती वेळ लावतंय हे” म्हणून कुरकुरलंच असेल.

२०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटमधून विंडोज दहामध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड आले. इंग्रजी कळा दाबा, मराठी उमटतं. त्याआधी कुणी सरकारी इनस्क्रिप्ट शिकून घेतलेलं, कुणी श्रीलिपीत टाइप करून ते युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं, कुणी इंटरनेटवरची साधनं शोधायचं. आता ते आतच होतं, फुकट. तरी मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांपैकी बहुतेकांना पत्ताच नव्हता. काहींच्या संगणकात ते केव्हाचं येऊन पडलं होतं, फक्त सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायची होती. काहींच्या नव्हतं, कारण अपडेट बंद करून दिलेलं होतं. मला इथे खरा राग येतो. प्रिंटर बिघडला तर ती बातमी दुपारपर्यंत स्टेशनपासून कात्रपपर्यंत जाते. मातृभाषा दारात येऊन उभी राहिली ते मात्र सांगायला कुणी नाही. अपडेटसोबत काय आलं याची यादी असते, पण ती ज्या इंग्रजीत आणि ज्या परिभाषेत असते, ती दाखल्याचे अर्ज भरणाऱ्या ताईसाठी लिहिलेली नसते. तीन ओळी मराठीत आणि तीन सिंधीत दिल्या असत्या, तर ठिपके फिरत असताना रांगेतल्या माणसांनाही वाचायला काहीतरी मिळालं असतं.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांनी ऐकलंय. २०१७च्या मार्चमध्ये आलेली एक दुरुस्ती ज्यांनी घेतली नव्हती, त्यांच्या संगणकांना १२ मेपासून वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने कुलपं घातली. जूनच्या शेवटी त्याच भोकातून शिरणाऱ्या नॉटपेट्याने न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं. त्याची सुरुवात मात्र युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. म्हणजे न घेतलेला अपडेटही दार उघडा ठेवू शकतो आणि घेतलेलाही. बंद करून टाकणारा पोरगा आणि डोळे मिटून होकार देणारा माणूस, दोघांनाही हे नीट समजावून सांगायला हवं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहाचा सर्वसाधारण पाठिंबा संपला. अकरावी आवृत्ती न पेलणारे संगणक आमच्या गावांत ढिगाने आहेत, आणि ते कुणी फेकणार नाही. उल्हासनगरात वस्तू फेकत नाहीत, उघडून दुरुस्त करतात. ते चालत राहतील, बिलं काढतील, पत्रिका लावतील. पण अक्षरं अजून यायची आहेत. २०१४च्या जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत एकाच दिवशी दोन जुन्या लिप्यांना जागा मिळाली: आपली मोडी आणि सिंधी व्यापाऱ्यांच्या चोपड्यांतली खुदाबादी. एकीत मराठी दप्तरं लिहिली गेली, दुसरीत सिंधी हिशेब. २००९च्या विंडोज सेव्हनवर दोन्हींच्या जागी चौकोनच येतात. अंबरनाथच्या कुणा घरात मोडीतला खरेदीखताचा कागद असेल, कॅम्प पाचमध्ये कुणाकडे पणजोबांच्या दुकानाची चोपडी. ती उतरवून काढायची तर फॉन्ट वेगळा आणून घालावा लागेल, कळा बसवून घ्याव्या लागतील. दोन्ही कामं जमणारी पोरं आमच्याकडे आहेत. चार टिचक्यांत अपडेट बंद करणारीच ती. त्यांच्यापुढे एकदा हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे आहेत.