पाटलिग्रामचे भविष्य

गंगेच्या दक्षिण काठावर आज जेथे पाटणा शहर पसरले आहे, तेथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पाटलिग्राम नावाचे एक गाव होते. पाटली म्हणजे आपल्याकडील पाडळ. राजगृहाकडून येणाऱ्या वाटसरूने येथे रात्र काढावी आणि दिवस उजाडताच होडीने पैलतीर गाठावे, एवढेच त्या गावाचे महत्त्व. या गावाविषयी सांगितले गेलेले एक भविष्य दीघनिकायातील ‘महापरिनिब्बान सुत्ता’त नोंदलेले आहे. नगरांचा उत्कर्ष सांगणारी भविष्ये पुष्कळ आहेत. परंतु उत्कर्षाबरोबर विनाशाचीही कारणे सांगणारे भविष्य विरळा. आणि ज्या भूमीविषयी ते सांगितले, तेथे जाऊन ते पडताळून पाहता येणे, हे तर त्याहून विरळा.

भगवान बुद्ध तेव्हा ऐंशीच्या घरात होते. राजगृहाहून निघून उत्तरेकडे त्यांचा अखेरचा प्रवास चालला होता. मगधाचा राजा अजातशत्रू याचे सुनीध आणि वस्सकार हे दोन अमात्य याच वेळी पाटलिग्रामी तळ देऊन होते. गंगेपलीकडील वज्जींच्या गणराज्याला पायबंद घालावा म्हणून येथे तटबंदीचे काम त्यांनी चालविले होते. सुत्तात असे सांगितले आहे की, पहाटे उठल्यावर बुद्धांनी आनंदाला विचारले, हे नगर कोण वसवीत आहे? उत्तर ऐकून ते म्हणाले की, आर्यजनांचा वावर आणि व्यापाऱ्यांचे दळणवळण जेथवर आहे, तेथवरच्या नगरांत हे अग्रनगर होईल. मालाची गाठोडी येथे सोडली जातील. मात्र त्याला तीन भये राहतील. एक अग्नीचे, दुसरे पाण्याचे आणि तिसरे आपसांतील फुटीचे.

यांतील वस्सकाराची गोष्ट मोठी विलक्षण आहे. वज्जींवर स्वारी करावी किंवा नाही, हे विचारण्यासाठी अजातशत्रूने थोड्याच दिवसांपूर्वी त्यालाच गृध्रकूटावर बुद्धांकडे पाठविले होते. बुद्धांनी त्याला सरळ उत्तर दिले नाही. वज्जी वारंवार सभा भरवितात काय, एकमताने जमून एकमताने उठतात काय, वडीलधाऱ्यांचा मान राखतात काय, स्त्रियांवर जुलूम करीत नाहीत ना, अशा सात गोष्टी त्यांनी आनंदाला विचारल्या आणि या जोवर टिकतील तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे सांगितले. चतुर अमात्याने त्यातून आपल्याला हवे ते उचलले. युद्धाने जे साधणार नाही ते भेदाने साधेल, हे त्याने ताडले. पुढे अट्ठकथेत येते ते असे की, राजाने हाकलून दिल्याचे सोंग करून तो वैशालीत राहिला, वज्जींची मने एकमेकांविषयी कलुषित केली आणि अखेरीस मगधाचे सैन्य आले तेव्हा तटावर उभे राहण्यास कोणी पुढे आले नाही. म्हणजे ज्याच्या हातून पाटलिपुत्राचा तट उभा राहिला, तोच दुसऱ्या एका राज्याला फुटीने बुडविण्यात निष्णात होता. तिसरे भय या नगराच्या पायाभरणीतच होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

उत्कर्षाचा भाग खरा ठरण्यास फार काळ लागला नाही. अजातशत्रूनंतर उदायीने राजधानी राजगृहाहून येथे आणली. त्यानंतर नंद आले, मौर्य आले. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास सेल्यूकसचा वकील मेगास्थेनीस चंद्रगुप्ताच्या दरबारी राहिला. त्याचा ग्रंथ लुप्त झाला. परंतु स्ट्रॅबो आणि एरियन यांनी त्यातून घेतलेल्या मजकुरात या नगराचे वर्णन आहे. लांबी ८० स्टेडिया, म्हणजे १४ किलोमीटरांहून थोडी अधिक. रुंदी १५ स्टेडिया. भोवती लाकडी तट, त्यात बाण सोडण्यासाठी झरोके, ५७० बुरूज आणि ६४ वेशी. तटाबाहेर सुमारे ६०० फूट रुंदीचा खंदक. एका बाजूस गंगा, दुसऱ्या बाजूस शोण. पतंजलीनेही महाभाष्यात शोणाच्या काठाकाठाने पसरलेले नगर म्हणून पाटलिपुत्राचाच दाखला दिला आहे. नगर लाकडाचे का, याचे उत्तर एरियनने नोंदविले आहे : नदीकाठच्या आणि सागरतीरावरच्या नगरांत पाऊस व पूर यांपुढे विटा टिकत नाहीत, म्हणून लाकूड वापरतात, विटामातीची घरे उंचवट्यावर बांधतात. पाण्याच्या भयाने लाकूड वापरावे आणि लाकडाने अग्नीचे भय ओढवून घ्यावे, असा हा पेच होता. तो पाहण्यास दिव्यदृष्टीच हवी असे नाही. दोन नद्यांच्या बेचक्यात शाळवाचे वासे रोवताना पाहणाऱ्या कोणाही जाणत्या माणसाला तो दिसला असता. पण दिसणे वेगळे आणि वैभवाच्या पहिल्याच दिवशी तो बोलून दाखविणे वेगळे.

या वैभवाचे अवशेष पाहावयाचे तर पाटणा जंक्शनवर उतरून पूर्वेस सुमारे ६ किलोमीटरांवर कुम्हरारला जावे. सायकल-रिक्षा, टेंपो, भाजीच्या गाड्या आणि खाजगी शिकवण्यांच्या पाट्या यांच्या गर्दीतून वाट काढीत आपण एका बागेच्या फाटकाशी येतो. आत हिरवळ, मोठी झाडे, सावलीत पुस्तके उघडून बसलेले विद्यार्थी. अशोकाच्या राजधानीत आलो, असे वाटावे असे येथे प्रथमदर्शनी काहीच नाही. एका छपराखाली वालुकाश्माचा एक भग्न स्तंभ आडवा ठेवलेला आहे. त्याच्यावरची झिलई अद्यापि इतकी गुळगुळीत आहे की, बोट फिरविण्याचा मोह आवरत नाही. तेवढ्या एका दगडावरून आपल्याला सगळी सभा मनाशी उभारावी लागते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख मराठी वाचकांना आवडेल. कुम्हरारच्या पहिल्या मोठ्या उत्खननाचा खर्च मुंबईने केला. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी या कामासाठी दरसाल २०,००० रुपये देऊ केले आणि १९१३ च्या आरंभी पुरातत्त्व खात्याचे डॉ. स्पूनर यांनी खोदकामास सुरुवात केली. ओळींत समान अंतरावर रोवलेल्या स्तंभांच्या खुणा सापडताच स्पूनरना इराणातील पर्सेपोलिसच्या शतस्तंभी सभागृहाची आठवण झाली. त्या साम्यावर त्यांनी मगधाच्या इतिहासाची जी इमारत रचली ती टिकली नाही. सभागृहाच्या खुणा मात्र टिकल्या. पुढे १९५१ ते १९५५ या काळात पाटण्याच्या काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेने पुन्हा खोदकाम केले. त्याचे प्रमुख डॉ. अनंत सदाशिव अळतेकर हे कोल्हापूर भागातले. स्तंभांची संख्या ८० असल्याचे याच खोदकामात ठरले. याच ठिकाणी गुप्तकाळातील एका आरोग्यविहाराची मुद्राही मिळाली. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी यात्रेकरू फाहियान येथील धर्मार्थ रुग्णालयांचे वर्णन करतो, त्याला ही मातीची साक्ष मिळाली असे म्हणता येईल.

आणि राख मिळाली. सभागृहाचे छत व वरचे काम लाकडी असावे. ते आगीत भस्म झाले आणि खाली कोळसा व राखेचा थर राहिला. अळतेकरांच्या मते ही आग इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची. तेव्हा मौर्यांचे राज्य लयाला गेले होते. शेवटचा मौर्य बृहद्रथ याला त्याचाच सेनापती पुष्यमित्र याने सैन्याच्या पाहणीच्या निमित्ताने ठार केले, असे बाणभट्टाने लिहून ठेविले आहे. याच शतकात यवनांची स्वारी या नगरापर्यंत आली असावी. ‘युगपुराणा’त तिचे वर्णन आहे आणि शेवटी म्हटले आहे की, यवनांमध्ये आपसांतच घोर युद्ध पेटल्यामुळे ते मध्यदेशात राहू शकणार नाहीत. फुटीचा शाप असा जिंकणाऱ्यांनाही भोवला.

‘राहू शकणार नाहीत’ हा भविष्यकाळ लक्षात घेण्याजोगा आहे. पुराणांतील कलियुगाच्या राजवंशावळी अशाच भविष्यकाळात रचलेल्या आहेत. होऊन गेलेले ‘होईल’ म्हणून सांगण्याची ती एक रीतच होती. मग पाटलिग्रामचे भविष्यही असेच मागाहून रचलेले नसेल काय? श्रद्धाळू वाचकाने हा प्रश्न ऐकून रागावू नये. नगर वैभवाला चढल्यावर त्याच्या थोरवीचे वाक्य बुद्धांच्या मुखी घातले गेले असणे अगदी शक्य आहे, आणि अनेक विद्वानांचे तसेच मत आहे. परंतु विनाशाच्या भागाला हे उत्तर पुरे पडत नाही. पाली ग्रंथ सिंहलद्वीपात लेखनिविष्ट झाले ते परंपरेनुसार इ. स. पूर्व पहिल्या शतकात. त्यानंतरही हे नगर काही शतके नांदत होते. फाहियान येथे ३ वर्षे राहून संस्कृत शिकला. अशोकाचा राजवाडा मनुष्यांनी नव्हे, भुतांनी बांधला असावा असे त्याला वाटले. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने वयाच्या २३ व्या वर्षी ज्या कुसुमपुरातील ज्ञानाचा गौरव केला, ते हेच नगर मानतात. तेव्हा संहाराचे शब्द लिहिले गेले ते संहारापूर्वीच. मला तरी यात चमत्कारापेक्षा सावधपणाच अधिक दिसतो. आपल्या धर्माचे जे मोठे केंद्र, त्याच्याविषयीही हे टिकणार नाही असे भिक्षुसंघ पिढ्यान् पिढ्या पाठ करीत राहिला. अनित्यतेचा उपदेश त्यांनी राजधानीलाही लागू केला.

सातव्या शतकात ह्युएनत्संग आला तेव्हा त्याला शेकडो विहार व देवळांचे नुसते पाये दिसले. गंगेच्या काठाशी हजारभर घरांचे एक लहान गाव उरले होते. मधल्या दोनशे वर्षांत काय झाले? गुप्तांचे साम्राज्य मोडले, राजधान्या दुसरीकडे गेल्या, व्यापार रोडावला. ‘तित्थोगाली पइन्नय’ या जैन ग्रंथात शोणाच्या महापुराने नगर बुडाल्याचे वर्णन येते. शोण तर हळूहळू पश्चिमेस सरकत गेली आणि आज ती पाटण्याच्या वर, मनेरच्या बाजूस गंगेला मिळते. या सरकण्याने अठराव्या शतकातील पंडितांना मोठे कोडे घातले होते. ग्रीकांचे ‘पालिबोथ्रा’ म्हणजे पाटणाच असेल, तर तेथे दुसरी नदी कोठे आहे? रेनेल या भूमापकाला शोणाचे जुने पात्र आढळले आणि १७९३ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी ‘सँड्रोकोटस’ म्हणजे चंद्रगुप्त असे जाहीर केले. भारताच्या प्राचीन इतिहासाचा कालक्रम आज ज्या खुंटीला टांगलेला आहे, ती खुंटी अशी एका वाळलेल्या नदीत सापडली.

पण नगर मेले नाही. सोळाव्या शतकात शेरशहा गंगेच्या काठी उभा राहून म्हणाला की, येथे किल्ला बांधला तर गंगा त्यापासून दूर जाणार नाही आणि हे स्थान देशातील मोठ्या नगरांत गणले जाईल, अशी कथा ‘तारीख-ए-दाऊदी’त आहे. म्हणजे याच जागेचे हे दुसरे भविष्य. तेही फळले. १६६६ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा जन्म येथेच झाला. त्यांच्या जन्मस्थानी असलेले हरिमंदिर साहिब जुन्या पाटण्याच्या दाट गल्ल्यांत आहे. तेथून थोड्या अंतरावर अगम कुआँ नावाची खोल विहीर आहे. अशोकाच्या ‘नरका’ची दंतकथा तिच्याशी जोडलेली आहे आणि शेजारच्या शीतलादेवीला आलेल्या बायका तिच्यात नाणी व फुले सोडतात. १९१७ मध्ये दीदारगंज येथे गंगेकाठी जी चवरीधारी यक्षी सापडली, ती आता बिहार संग्रहालयात पाहावयास मिळते. पाटण्यास गेलेल्या कुटुंबाने तिच्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा. तिच्या अंगावरची झिलई कुम्हरारच्या स्तंभाचीच.

पाण्याचे भय अद्यापि सरलेले नाही. ऑगस्ट १९७५ मध्ये शोणाच्या पुराने पाटण्यात घरांच्या मजल्यांपर्यंत पाणी चढले; फणीश्वरनाथ रेणू यांनी ‘ऋणजल धनजल’मध्ये त्याचे अनुभव लिहिले आहेत. २०१९ च्या सप्टेंबरअखेर पावसाच्याच पाण्याने अर्धे शहर कित्येक दिवस तुंबून राहिले. बुद्ध ज्या वेशीतून बाहेर पडले तिला गौतमद्वार आणि जेथून पार झाले त्या उताराला गौमततीर्थ नव्हे, गौतमतीर्थ असे नाव अमात्यांनी दिले होते. त्यांची जागा आज कोणी दाखवू शकत नाही. उत्तरेस वैशालीकडे जाणारे प्रवासी १९८२ पासून महात्मा गांधी सेतूवरून जातात. साडेपाच किलोमीटरांहून लांब असलेल्या त्या पुलावरून खाली पाहिले की, कोठे वाळूचे दियारे, कोठे भाजीचे मळे आणि कोठे प्रवाह, असे गंगेचे दर वर्षी बदलणारे रूप दिसते.

कुम्हरारच्या सभागृहाचा तळ मात्र आपल्याला दिसत नाही. भूजल वर चढून खड्ड्यात साचू लागले आणि स्तंभांचे अवशेष झिजू लागले, म्हणून २००५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने ते वाळू-मातीखाली झाकून टाकले. २०२४ च्या अखेरीस त्यांतील काही पुन्हा उघडून पाहण्याचे काम हाती घेण्यात आले. पाण्याची पातळी आता कितपत खाली गेली आहे, हे आधी तपासावयाचे होते.