समुद्र नाही, पण 'केरे' आहेत!

निवृत्तीनंतर मुलांकडे राहायला जाणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळ आईवडिलांना ठाऊक आहे. मुलगा-सून सकाळीच बाहेर पडतात, नातवंडे शाळेत जातात आणि बाराव्या मजल्यावर उरतो आपण दोघे. शेजारी कोण ते माहीत नसते, भाषा येत नाही. त्यात आमचे 'हे' जन्मभर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरलेले. बंगळूरला फिरायचे तरी कुठे, हा त्यांचा रोजचा प्रश्न! दिवसेंदिवस ते गप्प होऊ लागले आणि मला काळजी वाटू लागली.

बंगळूरला समुद्र नाही हे खरेच. शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून उंच, आणि जवळ मोठी नदीही नाही. म्हणूनच तर पूर्वीच्या लोकांनी ओढ्यांना बांध घालून तळी केली. कन्नडमध्ये तळ्याला 'केरे' म्हणतात. ही तळी माणसांनी बांधली पिण्यासाठी आणि शेतीसाठी. पक्ष्यांनी ती परस्पर आपली करून टाकली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंधरा-सोळा अंश, दुपारी सत्तावीसच्या आसपास. सांधे कुरकुरत नाहीत आणि घामही येत नाही. एक स्वेटर, कानटोपी, थर्मासमध्ये चहा आणि साधी दुर्बीण, एवढ्यावर आमचे तिन्ही हिवाळे छान गेले.

सुरुवात करायची तर हेब्बाळ किंवा जक्कूरच्या तळ्यापासून करावी. सकाळी सातच्या आत पोचलात तर पाण्यावर धुके असते आणि झोळीवाले (पेलिकन हो!) मोठमोठ्या होड्यांसारखे संथ तरंगत असतात. हळदी-कुंकू बदके इथे बारमाही. थापट्या आणि तलवार बदके मात्र थंडीचे पाहुणे, थेट उत्तरेकडून हिमालय ओलांडून येणारी. उथळ चिखलात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी काटक्यांवर तोल सांभाळत चालतो. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढऱ्या गोपीचंदनासारखा टिळा असलेला पक्षी दिसला, तर त्याचे मराठी नाव लक्षात ठेवायला कष्ट पडत नाहीत. तो 'वारकरी'! आणि डोक्यावरून तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार गेली, तेव्हा यांचा चेहरा जो उजळला! आमच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीभोवती घिरट्या घालते, तीच ही.

भाषेचा प्रश्नही पक्ष्यांनीच सोडवला. तळ्यावर रोज भेटणाऱ्या एका आजींनी पंख वाळवत बसलेल्या पक्ष्याकडे बोट दाखवून म्हटले, "नीरुकागे." नीरु म्हणजे पाणी, कागे म्हणजे कावळा. अहो, आपला पाणकावळाच की! त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. 'हक्की' म्हणजे पक्षी, हा पहिला धडा.

या शहराला पक्षिनिरीक्षणाची जुनी परंपरा आहे. भारतातल्या पक्षिवेड्यांना पत्रिकेतून एकत्र बांधणारे जफर फतेहअली बरीच वर्षे बंगळूरला राहत. 2013 मध्ये त्यांचे निधन झाले ते मात्र आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. डॉ. जोसेफ जॉर्ज यांनी बंगळूरच्या पक्ष्यांची सटीप सूची तयार केली. इथल्या पक्षिप्रेमींची महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लालबागेत जमण्याची प्रथा अनेक वर्षांची. 240 एकरांची ही बाग हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केली. तिच्यातल्या खडकाचे वय सुमारे 300 कोटी वर्षे सांगतात; त्यापुढे आपल्या साठीचे काय कौतुक! कोकणात पावसाच्या तोंडावर शीळ घालणारा नवरंग हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो, तेव्हा अशा झाडीत तो पाचोळा उडवताना दिसू शकतो.

तरीही खारा वारा हवाच असेल, तर रात्रीच्या रेल्वेने कारवार गाठावे. काळी नदी समुद्राला मिळते तिथे कुरव आणि सुरय यांचे थवे उतरतात, समुद्री गरुड दिसतो आणि नशीब असेल तर होडीतून डॉल्फिनही. शिवाय तिथे कोकणी-मराठी चालते आणि ताटात मासळी येते. चार दिवस पुरे होतात. आम्हाला मात्र परतीची ओढ लागली ती तळ्यांची, याचे माझे मलाच नवल वाटले.

पण या तळ्यांचे सगळे गोडच आहे असे समजू नका. बेळंदूरच्या तळ्यात सांडपाणी इतके साचले, की त्यावर फेसाचे डोंगर उठत आणि 2017 व 2018 मध्ये तिथे चक्क आगही लागली. पाण्याला आग, ऐकले होते का कधी? उलट जे. पी. नगरजवळचे पुट्टेनहळ्ळीचे लहानसे तळे रहिवाशांनी 2010 मध्ये विश्वस्त संस्था काढून वाचवले. जक्कूरला सांडपाणी आधी शुद्ध करून पाणवनस्पतींमधून तळ्यात सोडतात. आता दर जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते. त्या वेळी हे टिपणवही घेऊन बसतात. मी मोजते, ते लिहितात. घरी बोलत नव्हते, तिथे "हळू मोज, हळू" म्हणून माझ्यावर ओरडतात!

फेब्रुवारीत एक दिवस कोक्करेबेळ्ळूरसाठी राखून ठेवा. म्हैसूर रस्त्याने गेले की मद्दूरच्या अलीकडे फाटा लागतो. साधारण 80 किलोमीटर. गावातल्या चिंचेच्या झाडांवर, अगदी घरांच्या दारात, चित्रबलाक आणि झोळीवाले घरटी करतात. गावकरी त्यांना माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकी मानतात. झाडाखालची विष्ठा शेतात खत म्हणून जाते आणि घरट्यातून पडलेली पिल्ले कुंपणात ठेवून, मासे घालून वाढवतात. जाताना छत्री मात्र विसरू नका. पावसासाठी नव्हे, चिंचेखाली उभे राहिल्यावर कळेल!